पहाडचं घर

१२ जून

प्रिय मावशी,

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला ओरडून नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्र. वायरलेसच्या नोकरीने तुझा डावा कान नेला, त्याची भरपाई तुझी भाची हाताने लिहून करतेय असं समज.

मला काम मिळालंय. एक अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी धर्तीची कार्टून मालिका निघतेय, तिच्या लेखकांत मी सगळ्यात धाकटी. सहा मजली उंच रोबो आहेत आणि ते पोलीस खात्याचे आहेत. चोरही तेवढेच उंच, हे ओघाने आलंच. रोबोच्या छातीत बसून पोलीस तो चालवतो. असे पाच चालक. एक तापट, नियम मोडणारा, तो नायक. एक थंड, केस डोळ्यांवर, त्याला सगळे बर्फ म्हणतात. एक चष्मेवाला पिटुकला, सगळं ठाऊक असलेला. एक मुलगी, तिचं काम "सांभाळून जा" म्हणणं. आणि पाचवा पहाड. लठ्ठ, खादाड, सगळ्यांना हसवणारा. वर एक साहेब, जे सदा ओरडतात आणि मनातून प्रेमळ असतात.

अशा मालिकांत वर्षानुवर्षं हीच माणसं फिरून येतात, फक्त केसांचा रंग बदलतो. दिग्दर्शक म्हणतात, लोकांना ओळखीची माणसं लागतात. आठवा भाग माझ्या वाट्याला आलाय. त्यात पहाड मरतो. लठ्ठ माणूस मालिकेच्या मध्यावर मरतोच, त्याशिवाय नायकाला रडता कसं येणार? हा भाग चांगला उतरला तर मला कामावर ठेवतील. नाहीतर पुन्हा जाहिरातीतल्या साबणाला बोलतं करायचं.

तू चौकीत उभी हयात काढलीस. खरे पोलीस कसे असतात ते सांग. तुमच्यात होतं का कोणी असं? आणि गुडघा कसा आहे? एकटी आहेस, जपून चाल.

तुझी,
ठकू


२१ जून

ठकू,

आशीर्वाद शेवटी घे, आधी माझं ऐक.

मी संध्याकाळी टीव्हीवर पोलिसांच्या मालिका लावते आणि त्यांच्याशी भांडते. त्यातले फौजदार लाथ मारून दार तोडतात. आम्ही दार वाजवायचो. आतून "कोण आहे" यायचं, मग "थांबा, हात ओला आहे" यायचं, मग त्यांना किल्ली सापडायची नाही. दार तोडलं असतं तर ते दुरुस्त कोणी करायचं यावर महिनाभर चौकशी चालली असती. आणि मालिकेत कोणी लिहायला बसलेलं दिसत नाही. आम्ही पकडायचो थोडं आणि लिहायचो फार.

तुझा तापट नायक आमच्याकडे आला होता. पहिल्याच आठवड्यात त्याने एकाचा पाठलाग करून त्याला नाल्यात पाडलं. तो माणूस पाणीखात्याचा निघाला, गळती बघायला आलेला. बर्फही होता. एक साहेब कधी दोन शब्दांच्या वर बोलत नसत, आम्ही सगळे वचकून असायचो. निवृत्तीच्या दिवशी भाषण करायला उभे राहिले तेव्हा कळलं, बोलताना त्यांची जीभ अडखळायची आणि ते लाजायचे. ओरडणारे साहेब मात्र नुसतेच ओरडायचे. आतून प्रेमळ वगैरे काही निघालं नाही, मी पुष्कळ वाट पाहिली. ती मुलगी म्हणजे मीच. आधी मला चहाचं सांगायचे, मग रडणाऱ्या बायकांजवळ बसवायचे, मग वायरलेसवर नेऊन ठेवलं.

आणि पहाड म्हणशील तर आमचा टेम्पो. खरं नाव पगाराच्या दिवशीच ऐकू यायचं. चौकीच्या गाडीचा ड्रायव्हर. तो बसला की गाडी एका अंगाला कलायची. हसवण्यात एक नंबर. कापडाच्या गोदामाला आग लागली होती तेव्हा गल्ली इतकी अरुंद, की बंबही आत जाईना. टेम्पोने आमची गाडी मागच्या मागे आत घातली, आरसे दोन्ही बाजूंनी सोलून निघाले, आणि वरच्या मजल्यावरच्या बायकांना गाडीच्या टपावर उतरवून घेतलं. सगळा वेळ वायरलेसवर मला सांगत होता, "बाई, साहेबांना कळवा, आरशांचे पैसे आगीकडून वसूल करा." मी इकडे घाबरतही होते आणि हसतही होते. त्याचा आवाज येतोय म्हणजे सगळं ठीक आहे, एवढंच मी बाकीच्यांना कळवत राहिले.

असा माणूस पुन्हा व्हायचा नाही, ठकू. त्याच्याशिवाय ती चौकी मला आठवतच नाही.

गुडघा कुरकुरतो. मी त्याचं ऐकत नाही.

मावशी


२ जुलै

प्रिय मावशी,

टेम्पोकाकांबद्दल तू इतक्या वर्षांत कधी बोलली नव्हतीस. जखम उघडी केली असेन तर माफ कर.

भाग लिहून झाला. पहाड आपला रोबो आडवा घालून जळती इमारत तोलून धरतो. लोक त्याच्या पाठीवरून उतरून जातात. वायरलेसवर तो शेवटपर्यंत विनोद करतो, आणि एका विनोदाच्या मध्येच त्याचा आवाज बंद होतो. बस. संगीतही नको म्हटलं मी. दिग्दर्शकांनी वाचून मान डोलावली. ती ते कोणासाठी फारशी डोलावत नाहीत.

तुझ्या टेम्पोकाकांना माझा नमस्कार म्हणून हा भाग समज. ते गेले, पण असे तरी राहतील.

ठकू


९ जुलै

ठकू,

अगं, गेले कोण? आत्ता अर्ध्या तासापूर्वी तो इथून दुधी भोपळा ठेवून गेला.

टेम्पो जिवंत आहे. माझ्यानंतर वर्षभराने निवृत्त झाला. मागच्या वर्षी माझा गुडघा दुखायला लागल्यापासून रोज सकाळी भाजी आणून देतो, चहा घेतो, पेपरातल्या बातम्या साहेबांच्या आवाजात वाचून दाखवतो आणि जातो. मी "होता, होता" लिहिलं ते चौकीबद्दल. तू पार त्याचं तेरावं उरकून मोकळी झालीस.

तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं. आधी इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. म्हणाला, "मरताना काही खायला दिलंय का, विचारा." मग कप खाली ठेवला. जाताना दारात वळून म्हणाला, "त्या पहाडच्या घरी कोण कळवतं?"

ठकू, प्रश्न त्याचा आहे, पण तो माझ्या कामाचा आहे. आपल्यातलं कोणी गेलं, की घरी निरोप घेऊन मला पाठवायचे. बाईमाणूस बरं, म्हणायचे. मी दारात कधी सांगितलं नाही. आधी पाणी मागायचे. घरातलं माणूस पाणी आणायला आत गेलं, की तेवढ्यात बघून घ्यायचं: गॅस चालू आहे का, पोर कुठे खेळतंय, शेजारचं दार उघडं आहे का. पेला माझ्या हातात आला की मग सांगायचे. ते पाणी मी दर वेळी संपवलं.

टीव्हीवर पोलीस मरतो तेव्हा झेंडा दिसतो, बंदुका दिसतात, नायकाच्या डोळ्यांत पाणी दिसतं. तो पाण्याचा पेला कधी दिसत नाही. तुझा पहाड गेला तर निरोप कोणाकडे जातो? एवढं तुमच्या दिग्दर्शकसाहेबांना विचार.

मावशी


१८ जुलै

प्रिय मावशी,

आधी टेम्पोकाकांचे पाय धर माझ्या वतीने. मला दोन दिवस हसू आवरलं नाही, आणि नंतर रडूही आलं, बरं वाटून.

तुझा प्रश्न मी बैठकीत विचारला. पाचही जणांची चित्रं भिंतीवर लावलेली आहेत. नायकाच्या खोलीत वडिलांचा फोटो. बर्फची खोली रिकामी, खिडकीत एकच कुंडी. पिटुकल्याकडे यंत्रांचा पसारा, मुलीकडे पडदे. पहाडची खोलीच नाही. चित्रकाराने गेल्या आठ महिन्यांत त्याचं पोट हजार वेळा काढलंय, पण घर काढायला त्याला कोणी सांगितलंच नाही. फार तर एक फ्रिज आहे.

दिग्दर्शक म्हणाले, "त्याला कोणी नाही. म्हणून तर तो मरू शकतो."

ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी हे इतक्या सहज म्हटलं, की बोलून झाल्यावर त्यांनाच कसंतरी झालं. मला म्हणाले, हवं तर मरण्याआधी एक प्रसंग घाल, घरातला. दोन मिनिटांचा. मी लिहायला बसले आणि अडले. असा माणूस घरी गेल्यावर काय करतो? कोणाला हसवतो? टेम्पोकाकांचं घर कसं आहे, ते सांगशील? तुझं तर जाणं-येणं असेलच.

ठकू


५ ऑगस्ट

ठकू,

उशीर झाला. तुझं पत्र आलं त्याच दिवशी टेम्पो माझ्या पायऱ्यांवर कोसळला.

पिशवी सुटली, बटाटे अंगणभर झाले, आणि मी दारात उभी राहून हसले. तो रोज काहीतरी सोंग करायचा, मला वाटलं आजचं हे. मग त्याचा चेहरा दिसला. रुग्णवाहिकेत त्याने माझ्या हातात किल्ल्या कोंबल्या आणि म्हणाला, "घरी सांगा." मला कळेना. घरी कोणाला? तो एकटाच राहतो असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तू विचारतेस त्याचं घर कसं आहे. मी कधी गेले नव्हते. तो गाडीने मला माझ्या दारात सोडायचा, नोकरीभर सोडत आला, आणि त्याचं दार कुठलं हे मी कधी विचारलं नाही.

डॉक्टरांनी त्याला आत नेलं. बायपास करावी लागेल म्हणाले. मग मी गेले. तिसरा मजला, गुडघ्याला धरून चढले. किल्ली होती, तरी दार वाजवलं. दार उघडलं एका बाईने. माझ्यापेक्षा वयाने मोठी, पांढरी वेणी, हातात सुरी. डोळे माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी. तिला दिसत नव्हतं.

माझ्या तोंडून सवयीने निघालं, "जरा पाणी मिळेल का?"

ती जागची हलली नाही. म्हणाली, "तू वायरलेसवाली बाई. तुझा आवाज तो हुबेहूब काढतो. तू पाणी कधी मागतेस, तेही मला माहीत आहे. आहे का तो, एवढं आधी सांग."

मी म्हटलं, "आहे. दवाखान्यात आहे. बोलतोय."

मग तिने सुरी खाली ठेवली, आत गेली, गॅस बंद केला आणि मला पाणी आणून दिलं. एक थेंब सांडला नाही. ठकू, इतक्या घरांत मी पाणी प्यायले, पण त्या दिवशी धीर ती मला देत होती.

ती त्याची थोरली बहीण. तरुणपणी तापात तिची नजर गेली. आईवडील गेल्यावर दोघंच उरले. त्याने लग्न केलं नाही. चौकीत तिच्याबद्दल एक अक्षर काढलं नाही, कारण तिनेच बजावलं होतं, माझं नाव सांगून कोणाकडून दया मागायची नाही. रोज संध्याकाळी तो घरी गेला, की तिला सगळी चौकी करून दाखवायचा. साहेबांचं ओरडणं, त्या पोराचं नाल्यात पाडणं, माझं वायरलेसवरचं बोलणं. मला वाटायचं, तो आम्हाला हसवायला विनोद करतो. तो खरं तर दिवसभर तिच्यासाठी माल गोळा करत होता.

घर विचारलंस ना? दोन खोल्या. सगळ्या वस्तू आपापल्या जागी, तसूभर इकडेतिकडे नाही, कारण हलली तर तिला लागेल. एवढा अगडबंब माणूस त्या घरात कसा कशाला धक्का न लावता वावरत असेल, ते मी बघत राहिले.

शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात आहे. तिला मी माझ्याकडे घेऊन आलेय.

मावशी


१० ऑगस्ट

प्रिय मावशी,

मी येऊ का? एका ओळीत कळव, त्याच दिवशी निघते. दिवसा तू दवाखान्यात असशील, घरी टेम्पोकाकांच्या ताईंजवळ मी बसेन.

तुझं पत्र मी इथे कोणाला दाखवलं नाही. त्यातलं काही लिहायचंही नाही असं ठरवलंय. मागच्या वेळी तू चार ओळी सांगितल्यास आणि मी त्या माणसाला मारून टाकलं. हे त्यांचं घर आहे, माझा मालमसाला नाही. दिग्दर्शकांना सांगितलं की पहाडचं मरण आता माझ्या हातून होणार नाही. ते म्हणाले, मग दुसरं कोणी लिहील, आणि तुझ्या जागेचंही बघावं लागेल. मी बरं म्हटलं. साबण काही वाईट नाही, निदान तो मरत नाही, नुसता झिजतो.

शस्त्रक्रियेचं लगेच कळव.

ठकू


२८ ऑगस्ट

ठकू,

टेम्पो बरा आहे. छातीवर वीतभर टाके आहेत, आणि हसलं की दुखतं म्हणून डॉक्टरांनी हसायला मनाई केलीय. त्याने दवाखान्यातल्या सगळ्या नर्सना हे सांगून हसवलं आणि स्वतः गंभीर बसला. परवा घरी आणला. घरी म्हणजे माझ्याकडे. त्याच्या तीन मजल्यांना डॉक्टरांनी सध्या नाही म्हटलंय.

तुझं येणं ताईंनी अडवलं. म्हणाल्या, पोरीला कामावर राहू दे. तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. तू लिहायचं नाही ठरवलंस हे ऐकून त्या चिडल्या. जसं म्हणाल्या तसं लिहिते: "लिही म्हणावं. पण मला बिचारी करू नको. गोष्टीतल्या आंधळ्या बायका नुसत्या हसतात, सगळ्यांना क्षमा करतात आणि चेहऱ्यावरून हात फिरवतात. मी भांडते. मीठ कमी पडलं तर सांगते. आणि मी कोणाच्या चेहऱ्यावरून हात फिरवत नाही, आवाज पुरतो."

खरंच भांडतात. मी डबे कुठेही ठेवते यावरून आमचं रोज वाजतं. आता मी ते जागेवर ठेवते.

टेम्पोचंही म्हणणं आहे, लिही. त्याची काही अट नाही. फक्त पहाडला एकदा घरी जाऊ दे, म्हणाला.

मावशी


१४ ऑक्टोबर

प्रिय मावशी, ताई आणि टेम्पोकाका,

तिघांना एकच पत्र, म्हणजे कोणी आधी वाचायचं यावरून भांडण नको. ताईंना तू वाचून दाखव, काका आवाज काढतील.

मी दोन मिनिटांच्या जागी पूर्ण भाग लिहिला, कोणी मागितला नसताना. पहाड जखमी होऊन दवाखान्यात जातो. घरी निरोप घेऊन कोण जाणार असा प्रश्न पडतो आणि ती मुलगी उठते, जिने सात भागांत "सांभाळून जा" याशिवाय काही म्हटलेलं नाही. ती जिना चढते, दार वाजवते, पाणी मागते. पुढचं तुम्हाला माहीत आहे. बहिणीला मी भांडखोर केलंय. पहिल्याच वाक्यात ती मुलीला म्हणते, चपला वाटेत काढू नकोस.

सप्टेंबरच्या पहिल्याच बैठकीत मी तो मोठ्याने वाचला. चित्रकार मध्येच कागद ओढून ते घर काढायला लागला. दिग्दर्शक शेवटी म्हणाले, "आता ह्याला मारायचा असेल तर त्या बहिणीला सांगायला आपल्यापैकी कोण जाईल?" कोणी हात वर केला नाही. फाइल मिटून ते म्हणाले, "बरं, पुढच्या वर्षी बघू." इथे याचा अर्थ तो जगला.

मीही राहिले. कायमची नाही, वर्षभर तरी.

चित्रं आता पूर्ण झालीत, शनिवारी संध्याकाळी भाग लागेल. बघा आणि खरं सांगा.

ठकू


१९ ऑक्टोबर

ठकू,

आम्ही तिघांनी बघितला. ताई मधल्या खुर्चीवर. टेम्पो त्यांना पडद्यावरचं सगळं सांगत होता: रोबो केवढा, धूर कुठून, मुलीने कुठल्या रंगाचा डगला घातलाय. ती मुलगी जिना चढायला लागली तेव्हा तो सांगायचा थांबला. ताईंनी विचारलं, काय झालं. मग मी सांगायला लागले. घर दिसलं तेव्हा, वस्तू कुठे कुठे आहेत ते मी एकेक करून सांगितलं. ताई म्हणाल्या, खिडकी चुकीच्या भिंतीला आहे. बाकी तक्रार नाही.

मालिका संपल्यावर कोणी टीव्ही बंद केला नाही. जाहिराती चालू राहिल्या. टेम्पो म्हणाला, "बाई, डॉक्टरांनी जिना चढायला परवानगी दिलीय. उद्या आम्ही निघतो. तुम्हाला खूप दिवस त्रास दिला."

मी काही म्हणायच्या आत ताई म्हणाल्या, "तुला जायचं तर जा. मी इथे राहणार आहे. या घरातल्या सगळ्या जागा मला आता पाठ झाल्यात, ते शिकलेलं फुकट का घालवू?"

टेम्पो माझ्याकडे बघायला लागला. मग हळूच म्हणाला, "आणि मी तिकडे एकट्याने काय करू?"

मी म्हटलं, "तेच मी विचारायच्या बेतात होते. तुम्ही आता इथेच राहा."

तो "बरं" म्हणाला. पुढे विनोद केला नाही. उठला आणि चहा टाकायला आत गेला, आणि आपल्या घरात वावरायचा तसाच, आतून भांड्याचा आवाजही आला नाही.

लोक काय म्हणतील याचा विचार मी करून ठेवलाय. चौकीतल्यांना मी स्वतः सांगणार आहे. नाहीतरी खात्यात निरोप द्यायचं काम माझंच होतं, हा एक त्यातल्या त्यात बरा आहे.

उद्या आम्ही तिकडचं सामान आणायला जातोय. ताईंची उशी, दोन खुर्च्या आणि टेम्पोची चहाची मोठी किटली. पुढच्या खेपेला आलीस की तुझं अंथरूण बाहेरच्या खोलीत. आतली खोली आता भरली आहे.

तुला तिघांचे आशीर्वाद. ताई म्हणतात, त्यांचा जरा जास्त.

मावशी